नखमामांची श्रेणी

नखमामांच्या उजव्या अंगठ्याचं नख वाढलेलं असे. म्हैसूरजवळ मेटगळ्ळीतल्या आमच्या कारखान्यात ते लेथवर शाफ्ट कातायचे. मशीन थांबवून शाफ्टवर नख फिरवायचे आणि सांगायचे, "खरखर हाय अजून. एक हात मार." यंत्रानं मोजलं तरी तेच निघायचं.

शिकवताना त्यांच्या जिभेला हाड नसे. "कॉलेजात काय शेण खाल्लं रे? साकू, पुरे आता, सरक बाजूला," म्हणायचे आणि तेच काम तीनदा करून दाखवायचे. मी इंजिनियर कागदावर. काम शिकवलं त्यांनी.

मग आमचा माल परदेशी जाऊ लागला आणि आनंदीआनंद झाला. तिकडच्या गिऱ्हाइकाच्या अटीप्रमाणे कामगारांच्या श्रेणी ठरणार होत्या. कुशल ठरेल त्याचा पगार दुप्पट, अकुशलाचा आहे तिथंच. मामांची निवृत्ती तीन वर्षांवर आली होती. वाढीव पगारावर कर्ज काढून लष्कर मोहल्ल्यातली भाड्याची खोली सोडायची, असा त्यांचा बेत होता.

तपासणीला आलेल्या साहेबाला फक्त इंग्रजी येत होतं. दुभाषा मी. त्यानं विचारलं, नखाला खरखर कळते कशी? मामा हसून म्हणाले, "कशी म्हंजे? सुम्मने कळते!"

सुम्मने हा म्हैसूरच्या मराठीत मुरलेला कन्नड शब्द. उगीच, सहज, आपसूक, असं सगळं त्यात येतं. मामांना आपसूक म्हणायचं होतं. मी इंग्रजीत सांगितलं, उगीच, अंदाजानं. साहेबानं लिहिलं : पद्धत नाही, अकुशल. चूक झाली म्हणावं, तर ती सुधारायला पुढचा अर्धा तास होता. पण माझीही श्रेणी त्याच साहेबाच्या हातात होती. मी गप्प बसलो. नीच होतो, दुसरं काय!

माझा पगार दुप्पट झाला. मामांना लेथवरून काढून पॅकिंगला बसवलं. त्यांनी शिकवलेली पोरं लेथवर त्यांच्या दुप्पट कमवू लागली आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांनाच चहा आणायला पाठवू लागली. मामा आणत.

तीन वर्षांनी त्यांचा निरोपसमारंभ झाला. भाड्याची खोली तीच होती. आम्ही त्यांच्या डोक्याला म्हैसूरी पेटा बांधला, शाल घातली. विभागप्रमुख म्हणून भाषण माझं. मी गहिवरून म्हणालो, "मामांसारखा कुशल कारागीर मी जन्मात पाहिला नाही."

पेटा सावरत मामा मोठ्यानं म्हणाले, "अरे, हेच त्या दिवशी इंग्लिशात सांगायचं होतंस की रे!"

सगळे हसले. मीही हसलो.