गिअर पडताना

बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन झालं त्यानंतर आम्ही जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. क्लच नको आणि गचके नकोत, एवढाच विचार होता. गाडी घरी आली आणि कळलं, क्लच नसला तरी गचके असतात.

कर्वेनगरहून कोथरूडला जायचा साधा रस्ता. पण दुसरा गिअर जाऊन तिसरा पडताना गाडी असा हिसका द्यायची की शेजारी बसलेली ती दोन्ही हातांनी सीट घट्ट धरायची.

"लागलं का?"

"काही नाही. तुम्ही पुढे बघा."

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दाखवली. "काका, जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच," असं ऐकून परत आणली. हळूहळू तिने गाडीत बसणंच सोडलं. माणगावला तिची थोरली बहीण असते. ताम्हिणी घाट उतरून जावं लागतं, म्हणून तिकडे जाणंही थांबलं. दर फोनला "येते गं ताई, जरा बरं वाटू दे" म्हणायची.

माझी भाची एका कंपनीत इंजिनाचं कॅलिब्रेशन करते. म्हणजे नेमकं काय करते, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. एका संध्याकाळी तिला घरी सोडायला निघालो. पहिलाच हिसका बसला तशी ती मागच्या सीटवरून पुढे वाकली.

"मामा, ही नेहमी अशीच करते?"

"वय झालंय गं तिचं."

"वय नाही हे. तिचं गणित चुकतंय."

पुढच्या रविवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन हजर. बायकोही चप्पल घालून तयार होती. मी नको म्हटलं, तर म्हणाली, "दुखतं मला. सुधारलं की नाही हे तुम्हाला कसं कळणार?" पाठीला उशी लावून ती मागे बसली.

भाचीने स्टिअरिंगच्या खाली एक वायर जोडली. आधी गाडीच्या कॉम्प्युटरमधले सगळे आकडे जसेच्या तसे जपून ठेवले, बिघडलं तर परत घालता यावेत म्हणून. मग आम्ही पिरंगुटच्या बाजूला निघालो. रस्ता मोकळा झाला तसं तिने मला गाडी एकसारखी चालवायला सांगितलं. तिच्या मांडीवरच्या पडद्यावर रंगीत रेघा धावू लागल्या. इंजिन किती हवा आत घेतंय, त्या हवेला किती पेट्रोल मिळतंय, गिअरबॉक्स कधी काय ठरवतोय, सगळं उमटत होतं. इतके दिवस मी जिला नुसती गाडी म्हणत होतो, ती माझी पापणी लवेपर्यंत किती गोष्टी ठरवून मोकळी होत होती! मी गाडी बाजूला घेतली आणि नुसता बघत राहिलो.

"इथे पेट्रोल कमी पडतंय, म्हणून इंजिन अडखळतं," तिने बोट ठेवून दाखवलं. "आणि गिअर बदलताना इंजिनाने क्षणभर जोर कमी करायला हवा. ते उशिरा करतं. तिथे हिसका बसतो."

मग ती थांबली. एका हिरव्या रेघेकडे निरखून पाहत म्हणाली, "मामा, हा तुमचा पाय."

"माझा?"

"एक्सिलरेटरवरचा. बघा ना, तिसरा गिअर पडायच्या जरा आधी तुम्ही पाय उचलता. प्रत्येक वेळी. कुणी शिकवलं?"

कुणीच नाही. मला ते ठाऊकच नव्हतं. पण रेघ स्पष्ट दिसत होती. प्रत्येक हिसक्याच्या आधी ती खाली झुकत होती.

"आणि गंमत म्हणजे," भाची म्हणाली, "हा गिअरबॉक्स चालवणाऱ्याची सवय शिकतो. तुम्ही हिसका टाळायला पाय उचलता, तो तेच धरून चालतो आणि आणखी गोंधळतो. मामीला जपता जपता तुम्ही आणि गिअरबॉक्सने मिळून तिला त्रास दिलात."

मी हसलो. आरशात पाहिलं, तर बायको त्या पडद्याकडे बघत होती. "एवढं सगळं पायातून दिसतं?" तिने हळूच विचारलं.

ते काम एका रविवारात संपलं नाही. भाची आकडे थोडे बदलायची, आम्ही चक्कर मारायचो, मागून बायको सांगायची, "हा कमी झाला," नाहीतर "छे, हा वाईट." भाची मान डोलावून परत आकड्यांत शिरायची. गाडीचा धूर वाढता कामा नये, यावर तिची बारीक नजर. गिअरबॉक्सने शिकलेलं जुनं सगळं तिने पुसून टाकलं. "गाडीचं पुसता आलं," मला म्हणाली, "तुमच्या पायाचं तुम्हीच बघा."

आणि मग एका सकाळी भूगावच्या चढावर मी वाट पाहत राहिलो. गिअर पडायची खूण आली नाही. इंजिनाचा आवाज मात्र खाली उतरला होता.

"पडला?" मी विचारलं.

"केव्हाच," भाची म्हणाली.

मागून बायको म्हणाली, "अहो, परत एकदा न्या." मी परत नेलं. तिसऱ्यांदा नेलं. देवळात घंटा वाजून थांबल्यावर होते तशी शांतता होती.

त्याच महिन्यात आम्ही माणगावला गेलो. ताम्हिणीत बायको पुढे बसून बडबडत होती, लहानपणी त्या वाटेने एसटीतून येताना कशी उलटी व्हायची ते सांगत होती. मध्येच "ती बघा दरी" म्हणून तिने खिडकीबाहेर हात केला.

ताई फाटकातच उभ्या होत्या. दोघी बहिणी बोलत आत गेल्या. मी मागे राहून बॉनेट उघडलं. आत सगळं तेच होतं, तीच धूळ, त्याच नळ्या. एक स्क्रूही बदललेला नव्हता.

साडू बाहेर आले. "काय हो, वाटेत बिघडली का?"

"नाही," मी म्हटलं, "नुसतं बघतोय."

तेही माझ्या शेजारी येऊन आत वाकून बघायला लागले.