दुनळीचा मागचा चाप

मी बंदुकीचा दस्ता जमिनीवर आपटला. दोन्ही घोडे ताणलेलेच राहिले. काही झालं नाही.

"झालं समाधान, मिस्त्री?" इन्स्पेक्टर म्हणाले. "म्हणे आपोआप बार उडतो!"

मी बंदुका दुरुस्त करणारा, लायसन्सवाला. रिकामी दुनळी बंदूक तपासायला मला ठाण्यात बोलावलं होतं. समोर दिंद्रुडचे अंबादासमामा, एका सहकारी साखर कारखान्याचे वॉचमन, हात जोडून उभे. दुष्काळात कारखान्याच्या विहिरीवर टँकर भरत. तिथं रेटारेटी झाली, म्हणून मामांनी आभाळाकडं एक बार काढला. मग दुसरा सुटला अन् टँकरवर चढलेल्या ड्रायव्हरच्या दंडात छर्रे घुसले. त्याच्याशी मामांचं सकाळीच वाजलेलं. केस सरळ खुनाच्या प्रयत्नाची.

"म्या एकदाच ओढलं, साहेब. बंदूक खाली टेकवली अन् ती सोताच उडाली. लेकराची आण!"

असं सगळेच म्हणतात. पण चाप ओढायला किती जोर लागतो, ते मी काट्यावर मोजलं होतं अन् माझं टाळकंच सरकलं होतं. दुनळीला दोन चाप असतात. पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. मागचा मुद्दाम जरा जड ठेवतात, म्हणजे पहिल्या बाराच्या धक्क्यानं दुसरा सुटत नाही. इथं दोन्ही सारखे! आत पाहिलं, तर डावा घोडा अडवून धरणारी खाच कुणीतरी कानशीनं घासून पार उथळ केलेली. म्हणजे नुसत्या धक्क्यानंही घोडा निसटायला हवा.

मी पुन्हा आपटलं. काही नाही. इन्स्पेक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. एवढं लिहिलं की म्हातारा आत जाणार.

"साहेब," मामा चाचरत म्हणाले, "हितं पोतं हाय. तितं फरशी व्हती."

हात्तिच्या! दस्ता खराब होऊ नये म्हणून हवालदारानं पोतं अंथरलेलं, अन् मी त्याच्यावरच आपटत बसलो होतो. आम्ही व्हरांड्यातल्या फरशीवर गेलो. दोन्ही घोडे ताणले, बोट चापापासून लांब ठेवलं, अन् आपटलं.

खट्! डावा घोडा पडला.

"इकडं आणा." इन्स्पेक्टरांनी स्वतः आपटून पाहिलं. खट्! त्यांनी पेन खिशात ठेवलं.

"ही खाच घासली कुणी?"

मामांची मान खाली गेली. "माझं बोट दुखायचं. म्याच वर्कशॉपात दिल्ती."

कारखान्याच्या फिटरला बोलावलं. तो उलट आमच्यावरच उखडला. "ऊस वाळला, गाळप बंद. रिकामं बसून करायचं काय? एक चाप हलका, एक जड लागला. म्हणलं फॉल्ट हाय. केले सारखे. लई बारीक काम केलंय!"

काम खरंच बारीक होतं, मेल्याचं.

खुनाच्या प्रयत्नाचं कलम गेलं, निष्काळजीपणाचं राहिलं. ड्रायव्हरचा दंड बरा झाला. मामांचा तुरुंग टळला, पण नोकरी गेली. मी तो चाप पुन्हा जड करून दिला.

दोन वस्तू वेगळ्या लागल्या, तर कानस उचलायच्या आधी एकदा विचारावं, असं का, कावून?