सुभेदारकाकांचा मुहूर्त

सुभेदारकाकांनी स्कूटर घेतली ती पितृपक्षात आणि लखनौला तेलीबागच्या घरात राहायला गेले ते अमावस्येला. शेजारचे पंडितजी कळवळून तिथी सांगायला येत, तेव्हा काका चहा पुढे करून म्हणत, "पंडितजी, दिन छोड़िए, काग़ज़ क्या कहता है?" घराचा कागद, गाडीचा कागद नीट असला की काकांच्या लेखी दिवस चांगलाच. अमरावतीकडचा हा फौजी माणूस निवृत्तीनंतर लखनौतच राहिला आणि आम्हा चार मराठी घरांचा आपोआप वडीलधारा झाला.

विहारात वंदना नेहमी तेच घेत. आवाज असा, की मागे कुजबुजणाऱ्या बायका, म्हणजे मीसुद्धा, गप्प बसायच्या.

मग त्यांच्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आतला जोड भरून येईपर्यंत मल बाहेर पडायला पोटावर पिशवी बसवली. पुढे आतडं परत जोडलं की ती जाणार होती. काकांनी केमो सोसली, पिशवी स्वतः बदलायला शिकले, मीठ-साखरेचं पाणी शिस्तीत पीत राहिले. फक्त विहारात येणं बंद केलं. विचारलं तर म्हणाले, "बेटा, सगळे डोळे मिटून बसतात आणि ही मध्येच गुरगुरते. हिला काय सावधान म्हणू?" मी हसले, पण घरी येऊन रडले.

त्यांनी मनात एक तारीख धरली होती: चौदा एप्रिल. जयंतीची वंदना पिशवीशिवाय घ्यायची. मार्चमध्ये तपासणी झाली आणि डॉक्टर म्हणाले, जोड अजून एका जागी झिरपतोय, आता पिशवी काढली तर पोटात विष पसरेल. थांबा, पुन्हा बघू. काका ऐकेनात. दुसरा डॉक्टर शोधायला निघाले. मुलगा विनवत होता, "पापा, एक-दो महीने की तो बात है." मीही दोन गोष्टी सुनावल्या. काका बुटांच्या नाड्या बांधतच होते.

काकू भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, जन्मभर लोकांचे मुहूर्त मोडलेत. आता स्वतःचा काढून बसलात? कागद काय म्हणतो?"

 काकांनी बांधलेल्या नाड्या सोडल्या.

जयंतीला ते आले, पांढऱ्या सदऱ्याखाली पिशवी घेऊनच. सगळ्यांनी डोळे मिटले, शांतता झाली आणि व्हायचं तेच झालं. चांगलं लांबलचक गुरगुरलं. काका म्हणाले, "पोटानं सुरुवात केली, आता तुम्हीही म्हणा." विहारात इतकं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. त्यानंतरची वंदना मात्र त्यांनी पूर्वीच्याच खणखणीत आवाजात घेतली.

जेठात, म्हणजे ज्येष्ठ महिन्यात, रिपोर्ट स्वच्छ आला. ऑपरेशनची तारीख मिळाली ती नेमकी बड्या मंगळाची, म्हणजे इकडच्या हनुमानाच्या मोठ्या मंगळवारची, गल्लोगल्ली पुरी-सब्जीचे भंडारे चाललेले. पंडितजी हॉस्पिटलात प्रसाद घेऊन हजर. "देखिए सूबेदार साहब, मुहूर्त निकल ही आया!"

"मुहूर्त नहीं पंडितजी, रिपोर्ट निकली है," काका म्हणाले. पण प्रसाद काकूंना ठेवून घ्यायला लावला.

ऑपरेशननंतर आम्ही सगळे आतडं सुरू झाल्याच्या एकाच बातमीची वाट बघत होतो, आणि ती बातमी चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. काकूंचा फोन आला, "झालं गं! गॅस सरला!" मी ऑफिसात उभी राहून ओरडले, "सरला!" सगळ्यांना वाटलं, माझ्या बहिणीला मुलगी झाली आणि तिचं नाव सरला ठेवलं. मी पेढे वाटून टाकले. पुढे महिनाभर काकांची बाथरूमकडे धावपळ चालली, पण तक्रार नाही. "मोर्चा आपल्याच ताब्यात आहे," म्हणायचे.

मग मुलाची बदली झाली आणि दोघं त्याच्यासोबत अमरावतीला परतले. स्टेशनवर मी त्यांना नमस्कार केला.

यंदाच्या जयंतीला त्यांनी तिथल्या विहारातून व्हिडिओ कॉल लावला. वंदना झाली, सगळे डोळे मिटून शांत बसले. फोन तसाच चालू होता. मी कान लावून बसले. शेवटी काकांचा चेहरा पडद्यावर आला.

"ऐकलंस, बेटा?"

"नाही काका, काहीच ऐकू आलं नाही."

"तेच ऐकवायचं होतं."