सुरांवर पाय
बाबा गेल्यावर त्यांच्या भजनाच्या पेटीचं खोकं काल गावाहून दुबईला आलं. उघडताच चामड्याचा वास आला आणि मला ती संध्याकाळ आठवली. आमच्या टॉवरमध्ये एक जर्मन आजोबा राहायचे, जन्मभर चर्चमध्ये ऑर्गन वाजवलेले, जुन्या संगीतावर पुस्तकं लिहिलेले. सुट्टीत आमच्याकडे आलेल्या बाबांना ते हौसेनं इथल्या चर्चमध्ये घेऊन गेले, सोबत मीही होते. पेटीला चुकून पाय लागला तरी नमस्कार करणारे माझे बाबा. आजोबांचे दोन्ही पाय ऑर्गनच्या खालच्या, पायानं वाजवायच्या पट्ट्यांवर धावू लागले, तसे बाबा ताडकन उठले. "अहो, भाता पायानं मारतात ठाऊक आहे, पण सुरांवर पाय?" ऑर्गन थांबला. मी घाबरत घाबरत इंग्रजीत कारण सांगितलं. आजोबांनी बूट काढून पुढे धरले. ते फक्त ऑर्गनसाठीचे होते, बाकावर बसूनच घालायचे, जमिनीला कधीच लावायचे नाहीत, असं त्यांनी सांगितलं आणि मी ते बाबांना मराठीत सांगितलं. बाबांनी सोलवरून बोट फिरवलं. "म्हणजे सोवळ्यातले," एवढंच म्हणाले. पुढे वाजवणं सोडून मायदेशी जाताना आजोबांनी ते बूट माझ्याकरवी बाबांनाच दिले. बाबांनी ते कधीच टाकून दिले असतील, असं मी धरून चालले होते. काल खोक्यात पेटी होती, आणि तिच्या पट्ट्यांवर, बाबांच्या पूजेच्या पंच्यात गुंडाळलेले, तेच बूट.