नवऱ्याचं नाव

सिंधमधून जीव मुठीत धरून आलेली एक बाई आमच्या शेजारी, देऊळगाव राजाला, नातेवाइकांकडे राहायची. इथंच राहू द्या, म्हणून तिनं अर्ज केला होता. अशा अर्जांचा झटपट निकाल लावायला बुलढाण्याला शिबिर लागलं, तेव्हा सोबतीला मी गेले.

साहेबांनी हिंदीत नवऱ्याचं नाव विचारलं. बाईनं नुसता पदर पुढं ओढला. त्यांनी पुन्हा विचारलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "नवऱ्याचं नावच सांगत नाही, म्हणजे माहिती खोटी. पुढचा!"

माझं डोकंच फिरलं. "काऊन खोटी? माह्या मायनं जन्मात माह्या बापाचं नाव नाही घेतलं, मंग मी काय खोट्या बापाची हावो? तिले जरा टाइम तं द्या!"

साहेब थांबले. बाईनं हळूच हात वर करून भिंतीवरच्या कॅलेंडरातला बासरीवाला दाखवला. नवरा त्याच देवाच्या नावाचा. साहेबांनी हसून लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर ती मला बिलगली. मी मात्र रांगेकडे पाहत होते. पदर पुढं ओढलेल्या कितीतरी बाया तिथं बसल्या होत्या, आणि त्यांच्यासाठी भांडणारं कोणीच सोबत आलं नव्हतं.