पसंत

किसणीवर जायफळ फिरलं, की जळगावच्या भर बाजारातलं ते चिंचोळं कॉफीचं दुकान आजही माझ्याभोवती दरवळू लागतं. ऐंशीचं दशक सरत होतं आणि मला एम.ए.साठी पुण्याला जायचं होतं. साडी घेऊन देते म्हणून आत्या मला धुळ्याहून घेऊन आली आणि उन्हातून आधी त्या दुकानात शिरली. समोरच्या बाकावर एक अनोळखी बाई आणि तिचा अबोल मुलगा येऊन बसले. जागाच कमी, म्हणून बसले असतील, असं मला वाटलं. दाट दूध, जायफळाचा मंद कैफ, ओठांना चटका देणारी पेल्याची कड. मी पहिल्याच घोटात हरवून गेले. बाईंनी विचारलं, "काय वं माय, पसंत शे ना?" पेल्याकडे पाहत मी म्हणाले, "हो, खूपच!" "आय माय, कशी धीट शे पोर!" बाई हसल्या. "चला, बठ्ठं जमनं!" सगळंच जुळल्याच्या आनंदात म्हणत आत्याने पिशवीतून पेढे काढले आणि बाईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. 'अहो, मी कॉफीचं म्हणाले' हे शब्द ओठांवर येईतो तोंडात पेढा कोंबला गेला होता. कॉफी मला खरोखरच पसंत होती. ज्याच्याशी पुढे माझा संसार झाला, त्याच्याविषयी मात्र मला अजूनही कुणी विचारलेलं नाही.