घोंगडी आणि थंड ज्योत

परंदवडीजवळच्या एका छोट्या युनिटमध्ये मी कापडावर थंड ज्योत फिरवते. माझ्या कामाचं याहून सोपं वर्णन मला अजून जमलेलं नाही. शास्त्रात तिला प्लाझ्मा म्हणतात. बारीक नळीतून वायू सोडायचा, त्याला विजेचा जबर दाब द्यायचा, की टोकाशी करंगळीएवढी जांभळट ज्योत उभी राहते. तिच्यात बोट घातलं तरी भाजत नाही, नुसती झुळूक लागते. ती लोकरीवरून गेली की धाग्यावरचा, डोळ्यांना न दिसणारा तेलकट थर निघतो. मग आधी घरंगळून जाणारं पाणी लोकर मुकाट पिते, रंगही नीट धरते. दिवसभर तिच्याकडे बघत बसलं की मी तंद्रीतच घरी येते. आई म्हणते, तुला झोपा काढायचा पगार मिळतो.

माझे वडील, आबा, गेले आणि आईला मी आंदर मावळातल्या गावाहून तळेगावला माझ्याकडे आणलं. कार्य उरकून मी लगेच कामावर रुजू झाले. ज्योतीसमोर बसलं की काही आठवत नाही. आबांचे कपडे, अंथरूण, सगळं रीतीप्रमाणे देऊन टाकलं होतं. घोंगडीवर मात्र आई ठाण मांडून बसली, मग ती मागायची कुणाची छाती झाली नाही.

घोंगडीला गोठ्याचा, बिडीचा, भिजल्या मातीचा वास होता, म्हणजे आबांचाच. आई तीच पांघरून झोपायची. झोपायची कसली, दाराकडे तोंड करून आडवी व्हायची. लिफ्ट थांबल्याचा आवाज आला की उठून बसायची. दिवसेंदिवस ती वाळत चालली होती आणि माझा जीव खालीवर होत होता. घोंगडी उन्हात टाकून पाहिली, वास हटला नाही. धुवायला ती काही चादर नव्हे. आटते, खळ निघून जाते आणि तिचं चिरगुट होतं.

एका दुपारी मी आईला आमच्या ज्योतीचं कौतुक सांगत होते. पाण्याविना साफ करते म्हटल्यावर तिने विचारलं, वास पण जातो का. मला वाटलं, ही घाबरली. मी घाईघाईने सांगितलं की तुझ्या घोंगडीला मी हातही लावणार नाही, आणि तसाही फक्त वरचा वास जाईल, आतला राहील.

ती बराच वेळ घोंगडीच्या दशा बोटांनी सोडवत बसली.

"आतला ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "वरचाच झोपू देत न्हाई. वाटतं, आत्ताच हितं काढून ठिवली नि हात धुवायला गेल्यात."

सुट्टीच्या दिवशी मालकांना विचारून तिला युनिटवर नेलं. जुन्या लोकरीवर आयतीच ट्रायल होतेय म्हणून ते खूशच होते. घोंगडी टेबलावर ताणून बसवली. टेबल इकडून तिकडे सावकाश सरकू लागलं आणि वरून ज्योतींची ओळ बारीक सूं करत पट्ट्यापट्ट्याने फिरत राहिली. खोलीत वीज पडून गेल्यावर येतो तसला वास भरला. खिडकीबाहेर भातखाचरांवर ऊन उतरत होतं, आत काळ्या लोकरीवर जांभळा उजेड. आई पापणीसुद्धा हलवत नव्हती. मला वाटू लागलं की आबा लांब कुठल्यातरी बांधावरून चालले आहेत, कसलीच घाई नसल्यासारखे, आणि त्यांची पाठ आमच्याकडे आहे. हाक मारावी असं मनात आलं, पण मारली नाही.

शेवटचा पट्टा उरला तेव्हा आईने माझं मनगट धरलं.

"तेवढा कोपरा ऱ्हाऊ दे."

मी यंत्र थांबवलं. तिचा धीर सुटला असं वाटून मी तिला समजावू लागले, की अजून वेळ गेलेली नाही, एवढा भाग तुझ्यासाठी तसाच ठेवू.

"मला नगं," ती म्हणाली. "तुला. तू आजून रडली न्हाईस."